चंदाच्या नावानं काढलेली साल

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याच्या मागल्या अंगाला, जिथं हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज पोचता पोचता थकून जातो, अशा एका गावात बयनाबाई राहते. तिच्या हाताला गुण आहे, असं आजूबाजूची गावं म्हणतात. कोणत्या झाडाचं औषध देते ते ती सांगत नाही. आपणही विचारू नये.

साल काढायची तिची रीत ठरलेली. आदल्या सांजेला झाडापाशी जायचं, बुंध्याला हळद लावायची, चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि रोग्याचं नाव घेऊन म्हणायचं, "उद्या येतो, देजो बापा." बिननावाची साल म्हणजे नुसतं सरपण.

म्हणून आदिलाबादची अश्लेषा, जी हैदराबादेत प्रयोगशाळेत काम करते, साल मागायला आली तेव्हा बयनाबाईनं विचारलं, "कोनाच्या नावानं काढू?"

"कोणाच्याच नाही, मावशी. स्तनाच्या कॅन्सरवर चालते का, ते तपासायचंय."

बयनाबाई चपापली. तिची धाकटी जाऊ चंदा, तिच्या स्तनात त्याच रोगाची गाठ निघाली होती. दवाखान्यानं ऑपरेशन सांगितलं होतं, आणि चंदा एकच धरून बसलेली, "चाकूखाली जात नाई. तुमी द्याल तो काढा पितो, जाऊबाई." बयनाबाईनं तिला अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. त्या सांजेला झाडापाशी तिनं चंदाचंच नाव घेतलं, घरी येऊन तिला तसं सांगितलं आणि सकाळी साल अश्लेषाच्या हाती दिली.

कापूस वेचणीला आला तेव्हा अश्लेषा परत आली.

"मावशी, तुमच्या सालीनं काम केलं! काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी होत्या, रोगाचे बारीक जिवंत कण. बऱ्याच मेल्या."

ओसरीवर बसलेली चंदा उजळली. "पाहा! साल माह्या नावाची व्हती. माहा रोग तिकडंच मेला."

बयनाबाईलाही क्षणभर तसंच वाटलं. पण सकाळीच तिनं चंदाची गाठ चाचपली होती. गाठ होती तिथंच होती, पहिल्यापेक्षा मोठी. मग तिकडं मेलं कोण?

"पोरी, बशीत रोग कोनाचा व्हता?"

"एका परदेशी बाईचा. ती वारली केव्हाच. तिच्या पेशी तेवढ्या वाढवत ठेवल्यात."

"बाई मेली आन् रोग जिता?"

"हो. त्याला खाऊपिऊ घालावं लागतं."

"अवं माय!" चंदा हसली. "मले कोनी इचारत नाई, आन् तिथं रोगाले जेवन!"

बयनाबाई हसली नाही. "मंग इले काढा देऊ का? इच्या बी छातीत तीच गाठ हाय, दवाखान्यानं आपरेशन सांगतलं."

"नका देऊ. बशीत फिनाइल ओतलं तरी पेशी मरतात, मावशी. म्हणून फिनाइल प्यायचं का? माणसाला चालेल का, हे कळायला वर्षं जातील. कदाचित चालणारच नाही. ऑपरेशन चुकवू नका."

"काम केलं म्हनतं, आन् देऊ नका म्हनतं."

"दोन्ही खरं आहे."

दोन्ही खरं कसं असेल? बयनाबाई दिवसभर त्याच दोऱ्याच्या गाठी सोडवत बसली. नाव चंदाचं घेतलं, औषध लागलं मेलेल्या बाईच्या रोगाला. झाड चुकलं, की आपण? आणि चंदाचं नाव आता आहे कुठं? त्या बशीतच, त्या भुकेल्या रोगापाशी?

सांजेला ती झाडाखाली उभी राहिली. नाव द्यायची रीत सासूनं शिकवली होती. परत मागायची कोणी शिकवली नव्हती. हळद लावावी की पुसावी, हेही तिला सुचेना. शेवटी बुंध्यावर नुसता हात ठेवून म्हणाली, "चंदाचं नाव मले वापस दे बापा. दुसऱ्या जागी लागते."

आदिलाबादच्या बसमध्ये चंदा रडवेली होऊन म्हणाली, "औषध चाललं, मंग आपुन दवाखान्यात काऊन चाललो?"

"मले नाई समजलं, वं. समजलं असतं त सांगतलं असतं. पदर नीट घे."

दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंट का नाम?"

चंदा बयनाबाईच्या मागं सरकली. बयनाबाईनं तिचा हात घट्ट धरला आणि झाडापाशी घ्यायची तसंच, सावकाश, नाव घेतलं.