लेकरू घेतलेले भंते

जिंतूरच्या स्टँडवर वडिलांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "उपाशी ऱ्हा, पन नवस बोलू नको कुनाला." बौद्ध धर्म घेतल्यावर आजोबांनी घरातले देव पूर्णा नदीत सोडले, तेव्हापासून आमच्याकडे हीच शिकवण. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत, त्यांनाही निघताना असंच काहीतरी बजावलं असेल.

वसईला नर्सची नोकरी लागली. दुसऱ्याच महिन्यात माझ्या मूळ कागदपत्रांची फाइल रिक्षात राहिली. घरमालकीण फिलोमिना आंटी म्हणाली, हरवलेलं शोधून देणारा संत अँथनी आहे, मंगळवारी चल. चर्चबाहेर बुरख्यातल्या, कुंकू लावलेल्या, सगळ्याच बायका मेणबत्त्या घेऊन रांगेत. आंटीने उभ्या उभ्या कहाणी सांगितली. कुणीतरी त्याचं प्रार्थनेचं पुस्तक पळवलं, त्याने देवाला साकडं घातलं, तर पळवणारा स्वतः परत घेऊन आला. माणसं ऐकेनात तेव्हा तो पाण्याकाठी गेला आणि माशांशी बोलला, मासे डोकी वर काढून ऐकत राहिले. मी मनात हसले आणि नवस बोलले. गुरुवारी रिक्षावाला फाइल घेऊन दारात हजर.

सुट्टीत त्याची तसबीर मी येलदरीला घरी नेली. तपकिरी झगा, भिक्खूसारखं भादरलेलं डोकं, कडेवर मूल. आई म्हणाली, "कुठले भंते हायत गं हे? लेकरू बी घेतलंय."

"हो, भंतेच," मी म्हटलं. कोण समजावत बसणार. हरवलेलं शोधून देतात एवढं आणि माशांची गोष्ट तेवढी सांगितली.

आईने कुणाला न विचारता ती बुद्धाशेजारी लावली. मग वस्तीतल्या बाया यायला लागल्या. कुणाची शेळी हरवलेली, कुणाचं कानातलं. आई त्यांना माशांची गोष्ट रंगवून सांगायची. जन्मभर वडिलांचं ऐकत आलेल्या आईचं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं.

पुढच्या सुट्टीत मी घरी असतानाच वडिलांनी तसबीर पुसायला काढली आणि मागे छापलेलं नाव वाचलं. चार माणसांत म्हणाले, "भंते कोन, पादरी कोन, एवढं बी कळंना हिला."

"पोरगीच म्हनली व्हती," आई म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी नुसता फोटो दिला होता."

त्या संताची जीभ मेल्यावरही कुजली नाही, अजून जपून ठेवलीय, असं आंटी सांगते. माझी जिवंतपणीच सडली.

वडिलांना आजही माझा अभिमान आहे. आई फोनवर "जेवलीस का" विचारते आणि फोन त्यांच्याकडे देते. मग मागून तिचा आवाज येतो, "आवो, बुद्धापुढं फूल हितं ठिवू का?" घर म्हणजे मला आता तेवढंच ऐकू येतं.