हवेतलं नाव

गॅलरीतल्या माझ्या छोट्या सीएनसी मशीनवर आज नवीन सॉफ्टवेअर टाकलं. लाकडात अक्षरं कोरणारं हे मशीन जुन्या सॉफ्टवेअरवर प्रत्येक वळणाला अडखळायचं, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. काही बदललं की आम्ही हौशी लोक पहिली फेरी हवेतच काढतो. लाकूड लावायचं नाही, कोरणारं टोक बोटभर वर ठेवायचं आणि नुसतं बघत बसायचं. त्यात आजची फळी बाबांच्या टेबलाच्या सागवानाची. एकच तुकडा, चुकला की गेला.

मशीन निघालं. वेलांटीवरून ते असं अलगद वळलं, जशी पाण्यात मासोळी. शेजारी मेथी निवडणारी आई थांबली.

"लाकूड कुठंय रे?"

"आधी हवेत बघतोय."

"मीही रांगोळीआधी रिकामा हात फिरवते जमिनीवर."

खरंच की. मग दारापुढच्या हवेत किती रांगोळ्या असतील, कुणीच न पाहिलेल्या! घराघरांतली हवा अशाच न उमटलेल्या गोष्टींनी भरलेली असणार, असं वाटत राहिलं.

टोकानं वरची रेघ ओढली आणि थांबलं.

"काय लिहिलं त्यानं?"

"सुमती. तुझं नाव. दारावर लावायला."

आमच्या दारावर आजवर फक्त बाबांचं नाव. ते गेल्यावरही तेच. आई टोकाखालच्या रिकाम्या हवेकडे बघत राहिली. मी फळी उचलली, तर तिनं माझा हात धरला.

"लाव रे सावकाश. आधी अजून एकदा हवेतच काढ."