तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

इराणातल्या देझफूल गावच्या त्या बोळात बीबी खावरला चहा विचारला की ती आधी ‘नको’ म्हणायची. पुन्हा विचारलं की ‘राहू दे गं, कशाला उगीच तसदी’ म्हणायची. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्यानं पेला हातात घ्यायची. हा काही तिचा एकटीचा नखरा नव्हता, सगळं गावच तसं. तिथं पहिल्या ‘नको’वर उठून जाणारा माणूस एक तर परका असतो, नाहीतर माणूसघाणा.

खावर खजुराच्या पातीच्या टोपल्या विणायची. नवरा लवकर गेला. यदुल्ला हा एकुलता एक, पण पानं कायम दोन पोरांची वाढायची. शेजारच्या करामतची आई त्याच्या जन्मावेळीच गेलेली आणि बाप सदा ट्रकवर, त्यामुळे हे पोरगं खावरच्याच चुलीपाशी वाढलं. शेपू घातलेला पावट्याचा भात झाला की पातेल्याच्या तळाच्या खरपुडीवरून दोघांची जुंपायची.

‘‘बीबी, माझी खरपुडी यानं घेतली!’’ करामत भोकाड पसरायचा.

‘‘तुझी कशी रे? तांदूळ काय तुझ्या बापानं आणले?’’ यदुल्ला तोंड भरलेलं असतानाच विचारायचा.

‘‘मोठा झालो की पोतंभर आणून टाकीन तुझ्या दारात, मोज बसून!’’

इराकशी लढाई सुरू झाली तेव्हा दोघांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. दोघंही आघाडीवर निघाले. खावरनं दारात कुराण उंच धरून त्याखालून दोघांना काढलं आणि बोळाच्या वळणापर्यंत पोचले तसं त्यांच्या पाठीमागे पाणी शिंपडलं. गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून शिंपडतात ते. करामतनं मागे वळून ओरडून सांगितलं, ‘‘बीबी, काळजी करू नकोस! याला घेऊनच येईन!’’

तो आला एकटाच. हात गळ्यात बांधलेला, गालफडं बसलेली. आत यायला तयार होईना, उंबऱ्याशीच बसून राहिला. खावरनं त्याला ओढून आत घेतलं. यदुल्लाचा पत्ता नाही, हे तिला आधीच कुणीतरी सांगून गेलं होतं. प्रेतही मिळालं नव्हतं.

‘‘बीबी,’’ करामत मान खाली घालून म्हणाला, ‘‘मी होतो तिथं. काय झालं ते सांगू का?’’

तिला ऐकायचं होतं. त्या एका गोष्टीशिवाय तिला दुसरं काहीही नको होतं. पण समोरचं पोर थरथरत होतं, आणि तिच्या तोंडून सवयीनंच निघून गेलं, ‘‘आधी जेव रे राजा. तुझ्या जिवाला कशाला त्रास? सांगशील सावकाश.’’

तो पुन्हा म्हणेल, ‘नाही बीबी, ऐकच,’ म्हणून ती वाट बघत राहिली. तो मान खाली घालून जेवला. खरपुडी अख्खी त्याला एकट्याला आली, ती त्यानं तशीच पानात ठेवली. हात बरा झाल्यावर तो परत आघाडीवर गेला.

मग करामतनं नावाप्रमाणेच करामत केली. आधी तुकडी मिळाली, मग पलटण. लढाई संपली तरी वर्दी सुटली नाही. खांद्यावर एकेक निशाण चढत गेलं, आणि पुढे तर वर्दी उतरवून तो राजधानीत देशाच्या सुरक्षेच्या मसलतींना बसू लागला. कुठल्या देशाशी बोलायचं, कुणावर डोळे वटारायचे, हे म्हणे तो ठरवी. शेजारीण इस्मत टीव्हीवर तो दिसला की भिंतीवर थाप मारायची.

‘‘खावर, अगं लाव लवकर! तुझा सरदार आलाय. दाढी बघ कशी पिकलीय, आणि पोट बघ!’’

‘‘दृष्ट लावू नकोस मेले,’’ खावर म्हणायची. पण बघायची ती त्याच्या तोंडाकडे. तो देशोदेशीच्या भानगडींवर बोलायचा आणि तिला वाटायचं, या तोंडात माझ्या यदुल्लाची एक गोष्ट अडकून पडलीय.

गावच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत यदुल्लाच्या नावाचा दगड होता. खाली कुणीच नव्हतं. शेजारची जागा खावरनं स्वतःसाठी मागून घेतली होती. आपण गेलो की निदान त्या दगडाला सोबत होईल, एवढाच तिचा हिशेब.

गेल्या साली करामत गावात आला. बोळात काळ्या गाड्या मावेनात. तो येणार हे कळताच खावरनं मनाशी पक्कं केलं होतं की आज विचारायचंच. सकाळीच पावट्याचा भात रांधून खरपुडी झाकून ठेवली होती. करामत आत आला, वाकून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि चटईवर टेकला. दारात दोघं अंगरक्षक उभे.

‘‘बीबी, हुकूम करा,’’ तो म्हणाला. पूर्वी तो तिला ‘अगं-तुगं’ करायचा. ‘‘काय हवंय तुम्हाला? अगदी काहीही सांगा.’’

ओठांपर्यंत आलं होतं. पण जन्माची सवय आडवी आली. ‘‘तू खुशाल असलास की झालं, बाबा. मला काय हवंय?’’

आणि ती थांबली. आता तो म्हणेल, ‘असं कसं बीबी, सांगाच.’ मग ती पुन्हा नाही म्हणेल, मग तो तिची शपथ घालेल, आणि मग ती विचारेल. पण राजधानीत एवढा वेळ कुणाला असतो? एकानं आत डोकावून खूण केली. ‘‘देव तुमची सावली आमच्या डोक्यावर ठेवो,’’ असं म्हणून करामत उठला. झाकलेलं ताट तसंच राहिलं. गाड्या गेल्यावर खावरनं धुरळ्यात पाणी शिंपडलं.

ते पाणीही फुकट गेलं. त्या उन्हाळ्यात एका पहाटे राजधानीतल्या त्याच्या घरावर क्षेपणास्त्र पडलं. टीव्हीवर काळी फीत लागली आणि इस्मतनं या वेळी भिंतीवर थाप मारली नाही, ती स्वतः आली.

पाठोपाठ राजधानीहून एक तरुण अधिकारी आला. फार नम्र होता. ‘‘मातोश्री, साहेबांना त्यांच्या जुन्या सोबत्याशेजारी ठेवावं असं वरच्यांना वाटतं. ती जागा तुमच्या नावावर आहे. तुमची परवानगी असेल तर?’’

‘‘माझी कसली जागा? तुमचीच आहे ती,’’ खावर म्हणाली. असं म्हणायचं असतं. आणि समोरच्यानं म्हणायचं असतं, ‘छे छे, तुमची जागा आम्ही कशी घेऊ?’

‘‘फार उपकार झाले,’’ अधिकारी म्हणाला आणि छातीवर हात ठेवून निघून गेला. इस्मतनं कपाळावर हात मारून घेतला.

गुरुवारी संध्याकाळी खावर दफनभूमीत गेली. इस्मत हात धरून सोबत होती. सवयीनं यदुल्लाच्या दगडावर पाणी ओतलं, खजूर ठेवले. मग ती आपल्या जागेकडे वळली. तिथं आता चकचकीत दगड होता, वर हारांचा ढीग. ती खाली बसली. खडा उचलून तिनं दगडावर टकटक केलं. निजलेल्या माणसाला कुणी आल्याचं कळावं म्हणून असं करतात.

‘‘करामत, कुठं सोडलंस रे त्याला?’’

थांबली. पुन्हा खडा वाजवला.

‘‘कुठं सोडलंस सांग.’’

तिसऱ्यांदा ती ओरडली. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. तिला त्याची लाज वाटली नाही. ‘‘सांग ना रे! तहानलेला होता का? माझं नाव घेतलं का त्यानं? सोबत म्हणून तुला इथं आणलंय म्हणे. कुणाची सोबत रे? इथं नाहीये तो! तुला माहीत होतं ना, नाहीये तो इथं!’’

ती दगडावर कपाळ टेकून रडली. इतक्या वर्षांत गावानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

अंधारून आलं तसं इस्मतनं तिला उठवलं, तिच्या डोक्यावरची चादर नीट केली. ‘‘चल घरी, बाई. चहा करते तुला.’’

‘‘हो,’’ खावर म्हणाली.

इस्मतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं आपलं रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं, ‘‘घेशील ना घोटभर?’’

‘‘हो म्हटलं ना गं,’’ खावर म्हणाली. ‘‘आता मला परत परत विचारत बसू नकोस.’’