दोन टीक्यांचा दिवस

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. माह्या पोरीच्या, नंदाच्या कानावर यातलं एक वाक्य पडलं, मागच्याच महिन्यात — तेही मी तिले नव्हतं सांगतलं, दुसऱ्याले सांगत होतो, ती बाजूले उभी होती. बाकी सगळं पोटातच आहे. तीन सालं बायकोपासून लपवलं. ती गेल्यावर दोन सालं सगळ्यायपासून. तुम्ही माह्ये कोणी लागत नाही, तोंडावर थुंकाले इथं समोर नाही — म्हणूनच तुम्हाले सांगता येऊन राह्यलं असन. हाही एक भित्रेपणाच, नाही का?

भित्रेपणापासूनच सुरू करतो. मी सुईले भेतो.

हसाचं असन तर हसा. बालाघाटच्या राईस मिलमध्ये मी जिंदगी काढली, पहिले हमाल, मंग मशीनवर मिस्त्री. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढलो. पण सुई पाह्यली का माह्ये पाय गार पडतात. लहानपणी शाळेत टीकेवाले आलते, तवा सगळ्या वर्गासमोर माही चड्डी ओली झालती. चौथीतच शाळा सुटली, पण ते हसणं काही सुटलं नाही. तवाच ठरवलं का पुन्हा आपल्याले तसं कोणी पाहाचं नाही. बायकोनं तर नाहीच नाही.

बायको म्हणजे कौसल्या. मिलच्या मागच्या गल्लीतच आमचं घर. भुशाची धूळ मी खाल्ली आन दमा तिले झाला — हेही पाहा कसं. थंडी लागली का तिच्या छातीत बाजाची पेटी वाजे. पाच सालाआधी डाक्टरनं आम्हा दोघायले बसवून हिंदीत समजावलं. म्हणे हा फ्लूचा बुखार बहुरूप्यासारखा आहे, दरसाल नवं सोंग घेऊन येते, म्हणून याचा टीकाही दरसाल नवा लागते. आन घरात दोघंच राहता तर दोघंही लावा. एकानं बाहेरून आणला का दुसऱ्याले होते, इची छाती कमजोर, इले झेपणार नाही.

त्या दिवशी त्याच्यापाशी एकच टीका उरलता. मी म्हणलं, इले द्या. डाक्टरनं माह्याकडे कौतुकानं पाह्यलं. कौसल्यानंही पाह्यलं. मी मात्र मनात सुटलो होतो. डाक्टर म्हणे, तुम्ही गुरुवारी या.

आता एका शब्दाचं सांगतो, कारण माहं सगळं पाप त्याच शब्दात बसलं आहे. नागपूरकडचे लोक लस म्हणतात. आम्ही घरात मराठी बोलतो, पण हिंदीत वाढलो, आमच्याकडे टीकाच. सुईचा तो टीका, आन देवळात कपाळाले लावतात तोही टीकाच.

गुरुवारी मी नवा सदरा घालून निघालो. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो, खोटं नाही सांगत. आतून एक लेकरू रडलं. मी वळलो, बसस्टँडवर गेलो, समोर वारासिवनीची गाडी लागली होती, तिच्यात बसलो. तिथून रामपायली. काहून गेलो? तासभर कुठं तरी काढाचा होता. देवळात गेलो, रामापुढं हात जोडले, पुजाऱ्यानं कपाळाले टीका लावला. परत आलो तवा ऊन उतरत होतं. कौसल्या दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"लावला का वो टीका?"

"हौ, लावला."

खोटं बोललो का मी? सांगा. हाच सवाल मी सगळ्या रस्त्यानं बसमध्ये स्वतःले विचारत आलतो, आन हाच जवाब तयार करून आणलता. तिनं माह्या कपाळाकडे पाह्यलं आन हसली. "देवाचाही लावला, डाक्टरचाही लावला! आज तर दोन टीक्यांचा दिवस झाला तुमचा." दोन तिनंच मोजले. मी मोजू देले.

मंग तिनं विचारलं, कोणत्या हाताले? मी डावा दंड दाखवला. तिनं तव्यावर मीठ तपवलं, फडक्यात बांधलं, आन माहा दंड शेकला. धड हात. मी मधात एकदा "हळू न वं" असंही म्हणलं. बहुरूपी कोण होता — बुखार का मी?

एकदाच असतं तर कदाचित तोंड उघडलं असतं. पण दुसऱ्या साली तीच म्हणे, चला, तुमच्या दोन टीक्यांचा दिवस आला. तिच्या टीक्याले मी सोबत जाओ, माहा राहून जाये — कधी म्हणो आज पोट बिघडलं, कधी म्हणो मिलमध्ये बोलावलं — आन दोन दिवसानं मी एकटा रामपायलीले. कौसल्या फोनवर नंदाले गोंदियाले सांगे, तुह्ये बाबा आता शहाणे झाले, सुईलेही जातात आन देवालेही. पोरगीच दरसाल मायच्या मागं लागे का टीका चुकवू नको. दोघीच्या दोघी खूश. तीन वेळा तिनं माहा डावा हात शेकला.

तिसऱ्या साली थंडीत मी एका लग्नाले गेलतो. आलो तो अंग तापलेलं, खोकला. डाक्टरनं आधीच सांगतलं होतं का घरात कोणाले असा बुखार आला तर अलग झोपा आन लगेच दाखवा. कौसल्यानं माही खाट ओसरीत टाकली. टाकली आन तिथंच थांबली. म्हणे, तुम्हाले तर टीका लागला आहे, ही सर्दीच असन, थंडीत बाहेर कशाले झोपता. खाट तिनं स्वतःच आत ओढून आणली.

तिथं मी बोलू शकत होतो. पाय खाटेचे घासत होते फरशीवर, तेवढा वेळ होता मले. एक शब्द लागत होता. मी कंबल ओढून घेतलं.

तिनं माह्या छातीले सरसोचं तेल चोळलं. माह्या उष्ट्या गिलासात पाणी पेली. चार दिवसानं ती पडली. आन पडल्यावरही दोन दिवस दवाखान्यात आली नाही, कारण तिच्या हिशेबानं घरात तो बुखार येऊच शकत नव्हता.

भरती केली तवा नवा डाक्टर होता. त्यानं विचारलं, घर में सबको टीका लगा था? तिच्या नाकातोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तिनं हात वर केला आन दोन बोटं दाखवली. दोन. दोघायले. मंग माह्याकडे पाह्यलं, का बरोबर सांगतलं ना. मी तिच्या पायापाशी उभा होतो.

मी मान हालवली.

ती सहाव्या दिवशी गेली.

मी टीका लावला असता तर ती राह्यली असती का? माहीत नाही. टीका लावूनही होते कोणाकोणाले, तिलेही लागलाच होता, छातीच तेवढी कमजोर होती, असं डाक्टर म्हणाले. त्याच्या आड मी लपत नाही. तिनं खाट आत ओढली ते माह्या शब्दावर, एवढं मले पक्कं माहीत आहे.

आता याच्याही पुढचं सांगतो, हे जास्त घाणेरडं आहे. तेरवीले लोक जमले. कोणी म्हणे, दोघायनं टीका लावूनही असं कसं? सगळे माह्याकडे पाहून राह्यले होते. मी म्हणलं, "धोका झाला. त्या टीक्यानं धोका देला आम्हाले." तोंडातून निघालं आन मले बरं वाटलं. लोकायनं माह्या पाठीवर हात ठेवला. बिचारा, फसवला गेला. आन मले खरंच तसं वाटाले लागलं — डाक्टरनं फसवलं, रामपायलीच्या रामानं फसवलं, एवढंच काय, कौसल्यानंही फसवलं, मले मधातच सोडून गेली. दोन सालं मी धोका खाल्लेल्या माणसासारखा गल्लीत फिरलो. जिले मी फसवलं तिच्यावरच रुसून बसलो. असा माणूस पाह्यला तुम्ही?

त्या तेरवीले नंदा चुलीपाशी बसली होती. मी पाणी घ्याले आत गेलो तवा ती तिच्या जावेले म्हणत होती, "मीच मायले दरसाल सुई टोचाले लावली. माह्याच हट्टानं." मी गिलास भरला आन बाहेर आलो.

नंदाले मायचाच दमा आहे. तिच्या गोंदियाच्या डाक्टरनं तिलेही टीका लावाले सांगतलं, तिनं साफ नाही म्हणलं. "माह्या मायले लागला, बाबाले लागला, काय झालं मंग?" दोन सालं तिनं लावला नाही. माह्यामुळं.

मागच्या महिन्यात ती आली. अंगणात झाडून राह्यली होती, आन मले आवाज आला. तीच पेटी. मी ओसरीत बसलो होतो, हातातला चहा ठेवून देला.

मी म्हणलं, चाल माह्यासोबत दवाखान्यात, मले टीका लावाचा आहे. तिनं झाडू टेकवला. म्हणे, तुमचं डोकं फिरलं का बाबा, ज्यानं धोका देला तोच पुन्हा? मी म्हणलं, तू लावू नको, नुसती बाजूले उभी राह्य. रिक्षात ती सगळ्या रस्त्यानं बडबडली. मले तवाही ठरवता आलं नव्हतं का तिले सांगीन. हे मी तुम्हाले खरं सांगतो. सुई लावून घेईन, एवढंच ठरलं होतं.

सिस्टरनं बाही वर केली. विचारलं, "बाबा, पहले जब लगा था, तब कुछ तकलीफ हुई थी?"

माह्ये पाय गार पडले होते. तयार करून आणलेला जवाब या वेळी नव्हता.

"पहले कभी लगा ही नहीं," मी म्हणलं. "एक भी बार नहीं."

सिस्टरनं मान हालवली, तिच्यासाठी ते काहीच नव्हतं. सुई गेली. मुंगी चावल्यासारखी. एवढ्यासाठी? एवढ्यासाठी मी —

नंदा मागं उभी होती. ती हळूच म्हणे, "बाबा... आन ते रामपायलीचं?"

मी उजव्या हाताचं बोट कपाळाले लावलं.

तिले समजलं. मायचा तो मजाक तिलेही पाठ होता. ती रडली नाही, ओरडली नाही. माह्याकडे असं पाह्यलं का जसं कोणी अनोळखी घरात घुसलं. मंग सिस्टरच्या समोरच्या स्टुलावर बसली, आपली बाही स्वतःच वर केली आन म्हणे, मले लावा. माह्याकडे पाठ होती तिची.

येताना ती रिक्षात डायवरच्या बाजूले बसली. त्याच संध्याकाळच्या गाडीनं गोंदियाले गेली. पाया पडली, रीत म्हणून. तवापासून फोन नाही.

माहा डावा दंड दोन दिवस खरंच दुखला. कौसल्या शेके, नेमक्या त्याच जागी. घरात तोच तवा होता, मीठ होतं. मी शेकला नाही.