आज कुणाच्या नावावर

सकाळी कामावर आला की तो आधी थापी पाण्याच्या पिंपात बुडवायचा, विटेवर दोनदा आपटायचा आणि माझ्याकडं बघून विचारायचा, "मालक, आज म्या कोण?"

मी हजेरीचं बुक उघडून सांगायचो, "आज तू सोपान."

"बरं झालं. काल बबन हुतो तर अंग लई दुखलं."

बाकीचे गवंडी हसायचे. मीही हसायचो. हसलो नाही असं आता कशाला सांगू.

मी मार्गासनीचा. चौथी शिकलो आणि चाळीस वर्षं लहानसहान ठेकेदारी केली. शाळेच्या खोल्या, गटारं, पाण्याच्या टाक्या. तो हिर्डोशीचा. माझ्याकडं अठरा वर्षं गवंडी होता. आठवडाभर कामावरच राहायचा, शनिवारी यष्टीनं घरी जायचा, यष्टी चुकली तर चालत.

नावाची भानगड काय होती ते सांगतो. कायदा असा, की बांधकामावरच्या माणसाचे वर्षात नव्वद दिवस भरले तर त्याला कामगारांच्या मंडळात नाव नोंदवता येतं. मग आजारपणाला, पोरांच्या शिक्षणाला, काही बरंवाईट झालं तर मदत मिळते. पण नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदारानं द्यायचा. आम्ही त्या दाखल्याला सापासारखे भ्यायचो. सही केली की हा माणूस माझा, असं लेखी कबूल झालं. उद्या तो पडला, मेला, तर निस्तरायचं आपण.

म्हणून आम्ही कुणाचेच नव्वद दिवस भरू द्यायचो नाही. माणूस तोच, बुकात नाव दुसरं. भावकीतलं, शेजारपाजारचं, कुणाचंही. याला आम्ही धंदा सांभाळणं म्हणायचो.

तो ते नाव अंगात घ्यायचा. बबन झोपाळू, म्हणून बबनच्या नावावर असला की दुपारी मुद्दाम जांभया द्यायचा. एकदा स्लॅब टाकला. स्लॅबच्या दिवशी ठेकेदारानं मटण घालायचं, ही आमच्याकडची रीत. ताट पुढं आलं तसा हा मागं सरकला.

"मला पिठलं द्या मालक. आज म्या सोपान. सोपान माळकरी हाय."

आणि मग दोन ताटं मटण खाल्लं.

हाताला मात्र त्याच्या तोड नव्हती. ओळंबा सोडायच्या आधीच एक डोळा मिटून भिंतीकडं बघायचा आणि म्हणायचा, "सूतभर भाइर हाय." ओळंबा सोडला की सूतभरच निघायची.

हजेरीचं बुक माझी बायको लिहायची. ती सातवी शिकलेली. मी नाव सांगायचो, ती उतरवायची. एकदा पेन थांबवून म्हणाली, "अवो, एवढ्या भिंती त्यानं उभ्या केल्या आन् बुकात त्यो कुठंच न्हाई. बरं दिसत न्हाई ह्ये."

"तुला धंद्यातलं काय कळतंय? लिही," मी म्हणालो. तिनं लिहिलं.

त्यानं स्वतः मागितलं ते पोरगी कॉलेजात गेली तेव्हा. "मालक, एक डाव माज्याच नावावर घाला की. पोरीसाठी मंडळाचा फॉर्म भरायचाय."

"पुढच्या कामाला बघू."

"व्हय व्हय. पुढचं काम काय पळून चाललंय?"

पुढच्या कामालाही मी पुढच्या कामाला बघू म्हणालो. त्याच्या पुढच्यालाही.

कामथडीत एका गोदामाच्या कामावर परांचीची फळी सरकली आणि तो वरून खाली आला. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. टेम्पोत घालून दवाखान्यात नेला. कागद लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "नाव काय यांचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओठ पांढरे पडले होते. हळूच म्हणाला, "मालक, आज म्या कोण?"

थट्टा नव्हती ती. मला अडचण होऊ नये म्हणून विचारत होता.

बाई म्हणाल्या, "डोक्याला लागलंय का?"

"न्हाई. पायालाच," मी म्हणालो. आणि बुकातलं त्या दिवसाचं नाव सांगितलं. बबन. चौकशी आली तर बुक आणि दवाखान्याचा कागद जुळायला पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं. माणूस विव्हळत होता आणि मी जुळवाजुळव करत होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं बुक मिटलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "आता तुमीच लिवा." पुन्हा तिनं त्या बुकाला हात लावला नाही.

पाय वाकडाच जुळला. परांचीवर चढणं संपलं. वर्षभरानं तो काठी टेकत मार्गासनीला आला.

"मंडळात गेल्तो. ते म्हणत्यात, पडला त्यो बबन. तुजं काय? तवा मालक, माज्या नावाचा दाखला द्या."

"बुकात तुझ्या नावावर एक दिवस न्हाई. मी दाखला कुठनं देऊ?" मी म्हणालो.

बोललो ते खरं होतं. ते खरं मीच करून ठेवलेलं होतं.

तो भांडला नाही. माझ्या पडवीची भिंत त्यानंच बांधलेली. तिच्यावरनं हात फिरवला, एक डोळा मिटला. "ओळंब्यात हाय अजून," म्हणाला आणि गेला.

दोन वर्षांनी तो वारला. मी मातीला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो? त्यानंतर सहा महिन्यांत माझी बायकोही गेली. माझं चुकलं तर तोंडावर सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही.

हल्लीच भोरला आम्हा ठेकेदारांची बैठक झाली. कायदा बदललाय, असं एक साहेब समजावत होते. आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं, त्याच्या नावानं, लेखी. माझ्या शेजारचा पुटपुटला, "घ्या, आणिक एक कागद."

घरी येऊन मी पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर वाकडंतिकडं, चार कागद फाडले. त्याचं नाव लिहिलं. काम गवंडी. माझ्याकडं अठरा वर्षं होता, बुकातली दुसरी नावं मी लबाडीनं घातली, कामथडीला पडला तो हाच, बबन नव्हे. खाली सही केली. आणि यष्टीनं हिर्डोशीला गेलो.

त्याच्या बायकोनं पत्र दोनदा वाचलं. "ह्याचा आता उपेग हुईल?"

"ठावं न्हाई, वहिनी. पण बोलावतील तिथं येऊन मी ह्येच सांगंन. मग माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

"ठिवते," ती म्हणाली. पत्राची घडी घालून ते तिनं कोनाड्यात ठेवलं. तिथं त्याची थापी होती. कोरडी, गंज चढलेली. चहा तिनं दिला, तो मी कसाबसा प्यालो.

उठताना विचारलं, "त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्यात, लोकांनी वाचाव्यात म्हणून. त्यात त्याचं नाव घालू?"

तिनं माझ्यापुढचा रिकामा कप उचलला.

"जितेपणी मागत हुता, तवा घातलं न्हाई. आता ऱ्हाऊ द्या. त्याचं नाव आमच्या घरात हाय."

म्हणून तुम्हाला सोपान सांगितला, बबन सांगितला. त्याचं सांगितलं नाही.