रंजनाला न दिलेलं पत्र

रंजना गेली हे तिच्या मुलीनं, सवितानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी मटार सोलत बसले होते. ‘मावशी, आई गेली... सकाळीच,’ एवढंच ती बोलली. मी ‘येते’ म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा मटार सोलायला लागले. टोपली रिकामी झाली तेव्हाच उठले. त्याला आता दीड महिना होईल. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार शब्द बोला, असा सवितानं आग्रह केला होता. रंजना कष्टाळू होती, माणसं धरून ठेवणारी होती, असं काहीबाही बोलून मी खाली बसले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण जे बोलायला हवं होतं ते राहिलंच. ते इथे लिहिते आहे.

आम्ही दोघी सायखेड्याच्या. आमची नदीकाठची बागायत जमीन, आणि वडील शाळेच्या समितीवर. रंजनाची आई आमच्याच मळ्यात रोजानं यायची. त्यांचं घर बौद्धवाड्यात, पत्र्याचं, पण इतकं लख्ख सारवलेलं की आत पाय ठेवताना मलाच संकोच व्हायचा. मी तिथे चुलीपुढे बसून भाकरी आणि लसणाची चटणी खायचे. ती मात्र आमच्याकडे आली की ओट्यावरच थांबायची. आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही, येऊ नको असंही कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही येत नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो... पण लक्षात येत होतं.

शाळेत जाताना कालव्याच्या भरावावरून आमची शर्यत लागायची. मला कॅनव्हासचे बूट होते, ती अनवाणी. ती पुढे निघून जायची, पार शेवटच्या बाभळीपर्यंत, आणि मग सावकाश चालत परत यायची. माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घ्यायची आणि म्हणायची, ‘विजे, तू लय विचार करती पळताना. पळताना नाय विचार करायचा.’ आठवीत तालुक्याच्या स्पर्धेत ती पहिली आली, मी तिसरी. परत येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती आणि तिच्या हातातला कप मी मांडीवर धरून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझाच वाटत होता. मीही कुणाला काही सांगितलं नाही.

नववीत असताना, कांद्याची लागण चालू होती त्या दिवसांत, रंजना आठवडाभर शाळेत आली नाही. आईबरोबर रोपं लावायला जात होती. शुक्रवारी खेळाच्या सरांनी मला बोलावून एक पाकीट दिलं. नाशिकच्या क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती, सोमवारी. ‘रंजनाला नेऊन दे. पहिल्या गाडीनं जायचंय, सहाला स्टँडवर ये म्हणावं. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथंच.’ मी विचारलं, ‘सर, मला?’ ते हसले. ‘अगं, एकच नाव मागितलंय.’

शाळा सुटल्यावर मी मळ्यात गेले. बायका वाफ्यात ओळीनं वाकलेल्या. मला पाहून रंजना उठली, चिखलाचे हात तसेच धरून बांधापर्यंत आली. ‘काय गं, सरांनी काय सांगितलं का?’ पाकीट माझ्या दप्तरात होतं. मी म्हटलं, ‘काही नाही. सहज आले.’ ती हसली, ‘बरं झालं आली,’ म्हणाली आणि परत वाफ्यात जाऊन वाकली. मी पुलावर गेले, पाकीट न फोडता फाडलं आणि खाली टाकून दिलं.

ती गेली तर मी एकटी पडेन म्हणून मी ते केलं, असं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं. अगदीच खोटं नव्हतं ते. पण खरं कारण त्याहून साधं होतं. वाफ्यात वाकणाऱ्या मुलीला बोलावणं आलं होतं, आणि मला नाही. हे मला सोसलं नव्हतं.

मंगळवारी सरांनी विचारलं, ‘तासभर थांबलो स्टँडवर. पत्र पोचवलं होतंस ना?’ मी ‘हो’ म्हटलं. ‘मग घरच्यांनीच सोडलं नसणार. या लोकांचं असंच असतं. संधी दिली तरी घेत नाहीत.’ मी मान हलवली. पत्र फाडल्याचा अपराध मोठा की या मान हलवण्याचा, हे मी आजही सांगू शकत नाही. रंजना शाळेत परतली तेव्हा सरांनी तिला काही विचारलं नाही आणि पुढच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. तिनंही विचारलं नाही. दहावीनंतर तिची शाळा सुटली, लग्न झालं, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम लागलं. पुढे ते कुटुंब नाशिकला आलं. मी आधीच इथे होते, कॉलेजच्या ग्रंथालयात. आम्ही पुन्हा भेटू लागलो. यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझे सख्खे नातेवाईक फळं देऊन जात होते, आणि रंजना खाडे करून आठ दिवस माझ्याबरोबर वॉर्डाबाहेरच्या बाकावर होती. ‘तू झोप गं, मी बसते,’ म्हणायची. मी डोळे मिटायचे, पण झोप लागायची नाही.

दोन वर्षांपूर्वी तिची नात, सविताची मुलगी ऋतुजा, धावण्यासाठी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. पेढे घेऊन रंजना घरी आली. आता ती सरळ स्वयंपाकघरात येऊन बसायची. पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, ‘आपल्याला कुणी बोलावलंच नाय, विजे. बोलावलं असतं तर?’

मी सांगून टाकलं. सगळं. पाकीट, पूल, मान हलवणं...

तिनं विचारलं, ‘किती वाजता जायचं होतं?’

‘सहाला. पहिल्या गाडीनं.’

‘आईनं सोडलं असतं मला,’ ती म्हणाली. ‘आणि सर बोलायचे बंद झाले, ते त्याच्यामुळं?’ मी हो म्हटलं. ‘मला वाटायचं, माझंच काही तरी चुकलं. इतकी वर्षं मी आठवून बघायची, काय चुकलं असंल.’ उठताना म्हणाली, ‘आता कशाला सांगितलं? तुला मोकळं व्हायचं होतं म्हणून?’ दारात ती चप्पल घालू लागली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला.

नऊ महिने तिनं माझा फोन घेतला नाही. मग एका सकाळी तिचाच आला. आवाज कोरडा होता. ‘ऋतुजाला मैदानावर न्यायला मला होत नाही, दम लागतो. सविता कामावर असती. तू येशील?’ तेव्हापासून रोज सकाळी आम्ही तिघी रिक्षानं जायचो. रंजना प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर तिसऱ्या पायरीला बसायची, पाठीला उशी लावून. हळूहळू बोलायलाही लागली, पण आधीसारखं नाही. मधे काहीतरी उरलंच होतं. एकदा न राहवून मी विचारलं, ‘माफ केलंस का गं?’ मैदानावरची नजर न काढता ती म्हणाली, ‘ते नको विचारू. उद्या लवकर ये, तिची परीक्षा हाय.’

शेवटी दवाखान्यात भेटले तेव्हा बोलताना तिला धाप लागत होती. ‘ऋतुजाला सांग ते. मी नाय सांगितलं. तूच सांग.’ मी म्हटलं, ‘ती माझं तोंड पाहणार नाही.’ ‘मग नाही पाहणार,’ रंजना म्हणाली. ‘पण तिला कळू दे, तिच्या आजीला बोलावणं आलं होतं.’

गेल्या आठवड्यात सराव झाल्यावर मी ऋतुजाला तिसऱ्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं. ती चौदा वर्षांची आहे. ऐकताना बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठून जाईल असं वाटलं, आणि गेली असती तर मी तिला थांबवलं नसतं. पण ती तशीच बसून राहिली. मग तिनं विचारलं, ‘आज्जी कशी पळायची?’

रंजनाची आई नाही, सर नाहीत, तालुक्याला धावलेल्या बाकीच्या मुली कुठे आहेत ठाऊक नाही. तिला पळताना पाहिलेली आता मीच एक उरले आहे. मी सांगू लागले. ती हात फार हलवत नसे, मान किंचित डावीकडे झुकलेली असे, आणि शेवटच्या शंभर पावलांत तिचा परकर आवाज करायचा, फडफडणाऱ्या पाखरासारखा... ऋतुजा ऐकत होती. ऊन पायऱ्यांवर चढलं, तरी ती म्हणाली, ‘अजून सांगा.’