विसूकाकांची बंद दौत

विसूकाका अर्ज लिहायला बसले की आधी दौतीचं झाकण घट्ट लावून घ्यायचे. लिहिणारा माणूस दौत उघडतो, काका बंद करायचे. मग समोरच्याकडे बघत म्हणायचे, "जे सांगायचं नाही, ते पहले सांगा. बाकीचं मी लिहून घेतो." समोरचा इकडचं तिकडचं बोलत राही. काका ऐकत राहत. नेमकी गोष्ट बाहेर पडली की झाकण फिरे.

ग्वाल्हेरात, लश्कर भागातल्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली एक सतरंजी, तेच त्यांचं दुकान. पूर्वी ते दरबारच्या दिवाणी अदालतीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, खाती एकमेकांत मिसळली आणि जास्तीच्या ठरलेल्या कारकुनांत काका निघाले. तेव्हापासून लोकांचे अर्ज लिहीत. भर मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या उन्हात, त्यांचा काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला असे. मी त्या कोटाला फार हसायचे. तेव्हा माझं वय वीस आणि अक्कल दीड वर्षाची.

आमचं घर पगडबंदांचं. पाटणकर बाजारात दुकान, सरदार-मानकऱ्यांच्या पगड्या आमच्याकडे बांधल्या जात. विलीनीकरणाच्या वर्षी आमच्या ह्यांनी खासगी बाजारातल्या लालाजींकडून कलाबतूचे रीळ उधारीवर उचलले. खरी जर, सोन्याच्या पाण्याची. हे जरा कचरत होते, पण मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "राजा गेला तरी डोकी तीच आहेत ना?" डोकी तीच राहिली. दोन वर्षांत त्यांच्यावरच्या पगड्या मात्र गेल्या.

लालाजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते रोज सकाळी येत, दुकानाच्या पायरीवर बसत, पाणी मागून पीत आणि फळ्यांवरून नजर फिरवून निघून जात. मग त्यांनी अदालतीतून वसुलीचा हुकूमनामा मिळवला; देणेकरी कैदेत गेला तर त्याचं जेवण सावकाराच्या खर्चानं, असा तेव्हाचा कायदा. एक दिवस पाण्याचा गडू खाली ठेवत म्हणाले, "बेटा, डिगरी तो हो गई. अब जेल में तुम्हारे खाने का खर्चा भी मुझे ही भरना पड़ेगा." आवाज इतका मऊ, की दारातल्या गिऱ्हाइकाला वाटावं, जेवायलाच बोलावताहेत.

त्यानंतर हे संध्याकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी, किला गेटपर्यंत चालत जाऊ लागले. परत येत तेव्हा पाय धुळीनं भरलेले असत.

"काय बघता तिकडे?"

"काही नाही. भिंत. उंच आहे फार."

सल्ले पुष्कळ मिळाले. शेजारी म्हणाला, दुकान बायकोच्या नावावर करा. भटजींनी अनुष्ठान सुचवलं. दरबारचा कायदा चालतो की नवा, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. एक म्हातारे व्यापारी म्हणाले, "भर दुपारी दुकानात दिवा लावा, गादी उलटी करा आणि उठून जा. दिवाळं निघालं की आमचे बाप-दादा तर हेच करत." एका दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले, तर गल्ल्याजवळ पितळेचा दिवा घासूनपुसून ठेवलेला, त्यात नवी वात. तेल तेवढं घालायचं राहिलं होतं.

उठून कुठं जायचं, हे मी विचारलं नाही. भाजीची पिशवी उचलली आणि थेट कडुनिंब गाठला.

"काका, माझ्या एका मैत्रिणीच्या यजमानांचं..."

"पगड्यांचंच दुकान आहे का त्यांचं?" काकांनी दौतीचं झाकण लावत विचारलं. मी मान खाली घातली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. "सूनबाई, दिवा नका लावू. नादारीचा अर्ज करा. नादारी म्हणजे पळणं नाही. आहे ते सगळं अदालतीपुढं ठेवायचं, कोणाचं किती देणं ते सांगायचं. वाटणी अदालत करेल. तोवर पकडू नये असा हुकूम मागता येतो. अंगावरचे कपडे, चुलीची भांडी, अंथरूण, हाताची हत्यारं राहतात. तुमच्या मंगळसूत्राला कोणी हात लावत नाही." जरा थांबून म्हणाले, "पण एक वस्तू लपवली की अर्ज उलटतो. मग जेलचं जेवण लालाजीचं नाही, सरकारचं. आणि ते लंबं चालतं."

शेवटचं वाक्य ऐकून मी पिशवी उचलून घाईनं उठले. कारण चारच दिवसांपूर्वी मी एक पराक्रम केला होता.

रात्री ह्यांना अर्जाचं पटवलं आणि काका दुसऱ्या दिवशी यादी करायला घरी आले. ह्यांनी फळीन् फळी सांगितली, कात्री आणि पगडी बसवायचं लाकडी डोकंही सांगितलं. काकांनी सगळं शिसपेन्सिलीनं टिपलं. दौत बंदच.

"झालं की सगळं, काका. आता शाईनं उतरवा."

"माझी दौत उघडत नाही अजून," काका म्हणाले. बघत होते माझ्याकडे. "उद्या शपथेवर सही आहे. लालाजी स्वतः विकणारा माणूस. किती रीळ दिले, किती पगड्या बनल्या, त्याला तोंडपाठ आहे. रोज पायरीवर बसून तो पाणी पीत नव्हता, मोजत होता. दुकानातले बारा रीळ मागच्या आठवड्यात कमी झाले, हे त्यानं कचेरीत चार जणांना ऐकवलंय."

हे म्हणाले, "मला वाटलं लालाजींचाच माणूस घेऊन गेला."

मी वर माळ्याकडे बोट दाखवलं. माळ्यावर गौरींची पेटी. सोवळ्यातली, भाद्रपदाशिवाय न उघडणारी. जप्तीवाला आला तरी महालक्ष्म्यांना शिवेल कसा, असा माझा हिशोब. मुखवट्यांखालच्या पत्र्याच्या कोठ्या आतून पोकळ. ज्येष्ठेच्या पोटात सहा रीळ, कनिष्ठेच्या पोटात सहा. दोघींना सारखं वाटून दिलं होतं, उगाच भांडण नको.

ह्यांनी पेटी उतरवली. एकेक रीळ काढून सतरंजीवर ठेवत गेले. मी रडायच्या बेतात होते.

काका म्हणाले, "सूनबाई, चोरी जमत नाही तुम्हाला. देव भागीदार करून घेतलात, तर त्यांना सांगायला तरी हवं होतं." आणि झाकण फिरवलं.

अदालतीत लालाजी कागद घेऊन तयारच आले होते. वकिलानं विचारलं, "और कलाबत्तू?" कारकुनानं यादी वाचली, "रीळ बारह." लालाजींनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. हे माझ्याशेजारून चालत घरी आले. वाटेत एवढंच म्हणाले, "दिव्यात तेल घाल. देवापुढं लाव."

दुकान गेलं, डोकं राहिलं. लाकडी आणि ह्यांचंही. त्याच्यावर हे शाळेच्या टोप्या शिवू लागले. काकांनी फी घेतली नाही. लाडू नेले तर म्हणत, "घरून जेवून आलोय." पुढं राज्यांची पुन्हा वाटणी झाली, मोठ्या कचेऱ्या दुसऱ्या गावांना गेल्या, कडुनिंबाखालची गर्दी पांगली. काका येत राहिले. एकदा कोटाचं वरचं बटण तुटलेलं दिसलं. दिवसभर ते हातानं कोट गळ्याशी धरून बसलेले. मी म्हटलं, "काका, एवढं सोनं लपवलंय का आत?" ते हसले. म्हणाले, "तुमच्याकडूनच शिकलो."

मग चार दिवस सतरंजी दिसली नाही. हे त्यांच्या खोलीवर गेले, मागून मीही गेले. घरमालकीण म्हणाली, ताप होता, दवाखान्यात चला म्हटलं तर नको म्हणाले, आज पहाटे गेले.

उशाशी एक कागद होता. सुंदर अक्षर, शिसपेन्सिलीचं. नादारीचा अर्ज, अर्जदार विसूकाका स्वतः. वाणी, दूधवाला, तीन वर्षांचं भाडं. सहीची जागा कोरी. शेजारी दौत, तिचं झाकण ह्यांना उघडेना. आत शाई वाळून दगड झाली होती. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कितीदा बसले, पण जे सांगायचं नाही ते सांगा, असं त्यांना कधी म्हटलं नाही.

खाली मालमत्तेची यादी होती. धोतरं दोन, कोट एक, सतरंजी एक, दौत एक. यादी विसूकाकांनी केलेली, म्हणजे काही सुटलेलं नसणार.

सदरा तिच्यात नव्हता.